पाहुण्यासाठी मांडलेली खुर्ची

नवा सोफा घरी आला की आपल्याकडे पहिला वाद होतो तो त्यावरचे प्लास्टिक काढायचे की नाही यावर. काढले तर सोफा मळणार आणि ठेवले तर बसणारा घामाघूम होणार. मग तडजोड म्हणून प्लास्टिक जाते आणि चादर येते. चादर मळू नये म्हणून तिच्यावर टॉवेल येतो. ज्या चामड्यासाठी चार दुकाने पालथी घातली, घासाघीस केली, हप्ते बांधून घेतले, ते चामडे वर्षातून दोन-चार दिवस दर्शन देते. घरातली मुले त्यावर पाय घेऊन बसली की ओरडा खातात. सोफा आपल्यासाठी आणला की आपण सोफ्यासाठी, हे कोणी विचारत नाही.

विसाव्या शतकातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध चामड्याची खुर्ची ज्याने घडवली, त्या माणसाने आयुष्यभर नेमका हाच प्रश्न विचारला. चार्ल्स ईम्स हे त्याचे नाव. वस्तू घडवणाऱ्याचे काम चांगल्या यजमानाचे आहे, पाहुण्याला काय लागेल हे त्याने तोंडातून शब्द काढण्याआधी ओळखायचे, अशी त्यांची धारणा होती. ईम्स अमेरिकन होते. तरी त्यांची ही धारणा आपल्या घरांना परकी वाटणार नाही. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग काम विचारायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

चार्ल्स ईम्स यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, सेंट लुईस शहरात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि शाळकरी वयातच त्यांना एका पोलाद कारखान्यात अर्धवेळ काम करावे लागले. हाताने काम करण्याची सवय लागली ती तिथे. पुढे ते वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकू लागले, पण दोनेक वर्षांतच शिक्षण सुटले. १९२९ साली त्यांचा कॅथरीन वोर्मन यांच्याशी विवाह झाला आणि पुढच्या वर्षी लुसिया ही कन्या जन्मली. याच सुमारास अमेरिकेत महामंदी आली. घरे बांधायला पैसे कोणाकडेच नव्हते, मग वास्तुरचनाकाराला काम कोण देणार? काही महिने चार्ल्स मेक्सिकोत भटकले. अन्न आणि निवारा यांच्या बदल्यात मिळेल ते काम त्यांनी केले. माणसाला फार थोड्या गोष्टी लागतात आणि त्या थोड्या चांगल्या असाव्यात, ही शिदोरी त्यांनी तिथून आणली.

१९३८ साली फिनलंडहून आलेले ज्येष्ठ वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन यांनी त्यांना मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कला अकादमीत बोलावून घेतले. एलिएल यांचा मुलगा ईरो आणि चार्ल्स यांची गट्टी जमली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घरगुती फर्निचरची स्पर्धा जाहीर केली तेव्हा दोघांनी मिळून खुर्च्यांचे आराखडे पाठवले आणि बक्षिसे मिळवली. कल्पना साधी होती. माणसाचे शरीर वळणदार असते, मग खुर्ची सपाट फळ्यांची का? लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून त्यांना शरीराप्रमाणे वळण दिले, तर गादीचे अर्धे ओझे कमी होईल. बक्षीस मिळाले खरे, पण तशी खुर्ची कारखान्यात स्वस्तात करता येईना. लाकूड एका दिशेला वळते, दोन दिशांना वळवले की तडकते. पुढची कित्येक वर्षे ईम्स या एका अडचणीशी झुंजत राहिले.

भाड्याच्या घरातला कारखाना

क्रॅनब्रुकमध्येच त्यांना रे कायझर भेटल्या. रे चित्रकार होत्या. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत १९१२ साली जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये चित्रकला शिकून आलेल्या. चार्ल्स आणि कॅथरीन यांचा घटस्फोट झाला आणि जून १९४१मध्ये चार्ल्स व रे यांनी विवाह केला. दोघे लॉस एंजेलिसला जाऊन राहिले. दिवसा चार्ल्स एमजीएम या चित्रपट कंपनीच्या कलाविभागात नोकरी करत. रात्री भाड्याच्या घरातल्या एका खोलीत नवराबायकोचा उद्योग चाले. भंगार लाकूड, प्लास्टरचा साचा, विजेच्या तारा आणि सायकलचा पंप यांतून त्यांनी लाकूड वाकवण्याचे एक यंत्र उभे केले होते. जादूगाराच्या मंत्रावरून त्याचे नाव ठेवले काझाम. साच्यात पापुद्रे आणि गोंद घालायचा, तारांनी साचा तापवायचा आणि पंपाने हवा भरून दाब द्यायचा.

या खटाटोपातून पहिली वस्तू बाहेर आली ती खुर्ची नव्हतीच. युद्ध सुरू होते आणि जखमी सैनिकांच्या मोडलेल्या पायांना बांधायच्या धातूच्या पट्ट्या हादऱ्यांनी वेदना वाढवतात, हे ईम्स दांपत्याच्या कानी आले. त्यांनी पायाच्या आकाराची प्लायवूडची हलकी पट्टी तयार केली. अमेरिकी नौदलाने ती स्वीकारली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या. लाकूड दोन्ही दिशांना कसे वळवायचे हे कोडे सुटले ते एका जखमी माणसाची गैरसोय दूर करताना.

युद्धानंतर हेच तंत्र खुर्च्यांसाठी वापरले गेले. १९४६ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि मिशिगनच्या हर्मन मिलर कंपनीने खुर्च्या विकायला घेतल्या. प्लायवूडची ती बुटकी खुर्ची 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ साली शतकातली सर्वोत्तम वस्तुरचना म्हणून निवडली. इथे एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या प्रदर्शनावर नाव होते एकट्या चार्ल्स ईम्स यांचे. रे यांचे नाव नव्हते, आणि हॅरी बर्टोइया यांच्यासारख्या सहकाऱ्यांचेही नव्हते. बर्टोइया पुढे दुसरीकडे गेले आणि तारेच्या खुर्च्या करून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाले. रे कुठे जाणार? त्या घरच्याच होत्या.

१९४९ साली पॅसिफिक पॅलिसेड्स इथे समुद्राजवळच्या उतारावर दोघांनी स्वतःचे घर बांधले. कारखान्यात तयार मिळणारे लोखंडी सांगाडे, काचा आणि रंगीत फलक यांचे ते घर आजही वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते कोरडे वाटावे, पण आत पाऊल टाकले की बाहुल्या, टोपल्या, गालिचे, शंख, खेळणी, देशोदेशीच्या हस्तकलेच्या वस्तू यांनी ते गजबजलेले असे. या घरात वस्तूंचा धाक नव्हता.

सैलावलेले चामडे

१९५६ साली त्यांची चामड्याची आरामखुर्ची आली. तोवर आरामखुर्ची म्हणजे इंग्रजी क्लबातली अवजड, फुगीर खुर्ची. हलवायला दोन माणसे लागत आणि आत नेमके काय भरले आहे ते फाडल्याशिवाय कळत नसे. ईम्स यांना तिची ऊब हवी होती, अवजडपणा नको होता. चामडे कसे दिसावे याबद्दल त्यांच्या मनात एक अगदी घरगुती चित्र होते. बेसबॉलमध्ये झेल घेणारा खेळाडू हातात घालतो तो चामडी मोजा नवा असताना ताठ असतो. वापरून वापरून तो हाताच्या आकाराचा, मऊ आणि सुरकुतलेला होतो. खुर्चीचे चामडे पहिल्या दिवसापासून तसे सैलावलेले दिसावे, बसणाऱ्याला त्याची भीती वाटू नये, अशी त्यांची इच्छा होती. सहकारी डॉन अल्बिन्सन यांच्या मदतीने नमुन्यांवर नमुने झाले, मोडले गेले आणि पुन्हा झाले.

तयार झालेली खुर्ची समजायला अवघड नाही. प्लायवूडचे तीन वळणदार भाग, एक बैठकीचा, एक पाठीचा आणि एक डोक्याचा. सोबत पाय ठेवायला स्टूल. बाहेरून आपल्या शिसवीच्या जातकुळीतल्या ब्राझिलियन रोझवूडचा पापुद्रा. हे झाड दुर्मीळ झाल्यावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते वापरणे थांबले आणि अक्रोडासारखी लाकडे आली. प्रत्येक भागात चामड्याची स्वतंत्र उशी. पाठीचा आणि डोक्याचा भाग एकाच मापाचा, तसेच बैठक आणि स्टूलही एकाच मापाचे. लाकूड आणि धातू यांच्यामध्ये रबराचे जाड तुकडे बसवलेले, म्हणजे टेकले की पाठ किंचित लवते आणि बाहेरच्या लाकडावर एकही स्क्रू दिसत नाही. त्याच वर्षी ईम्स यांनी दोनेक मिनिटांचा एक लघुपट केला. त्यात एक कामगार ही खुर्ची सुट्या भागांपासून जोडतो आणि पुन्हा सुटी करून खोक्यात भरतो. आपल्या मालाची पोटातली रचना ग्राहकासमोर उघडी करून दाखवणारा फर्निचरवाला विरळाच.

दूरदर्शन संचावर ही खुर्ची पहिल्यांदा दिसली ती एनबीसीच्या 'होम' या कार्यक्रमात. तिथेही प्रकाशझोत चार्ल्स यांच्यावर होता आणि रे यांची ओळख यशस्वी पतीमागे उभी असलेली पत्नी अशा थाटात करून दिली गेली. खुर्चीचे रंग, पोत आणि आकार ठरवताना घेतलेली प्रत्येक तपशिलाची पारख दोघांची होती. आज इतिहासकार दोन्ही नावे बरोबरीने घेतात. त्या काळात मात्र तसे झाले नाही.

सुरुवातीच्या खुर्च्यांपैकी एक त्यांच्या चित्रपट दिग्दर्शक मित्राकडे, बिली वाइल्डर यांच्याकडे गेली. वाइल्डर यांना कामाच्या मध्ये अगदी थोडा वेळ डुलकी काढायची सवय होती. त्यांच्यासाठी ईम्स यांनी १९६८ साली चामड्याच्या उशांचा एक लांब पलंगवजा आसन केले, फक्त दीड फूट रुंदीचे. छातीवर हात ठेवून झोपायचे. गाढ झोप लागली की हात बाजूला घसरणार आणि माणूस जागा होणार. यजमानाने पाहुण्याची सवय ओळखायची म्हणजे काय, याचे याहून मजेशीर उदाहरण सापडणे कठीण.

घेताना आणि सांभाळताना

ही खुर्ची किंमतीने आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. पण तिच्यातून घेण्याजोगे शहाणपण फुकट आहे, आणि ते साध्या दुकानातल्या सोफ्यालाही लागू पडते.

पहिली गोष्ट, आत काय आहे ते विचारावे. उशीची साखळी उघडावी, सोफा उलटा करून खालून पाहावा. खऱ्या चामड्याची मागची बाजू तंतुमय, थोडी लवदार असते. रेक्झिनच्या मागे विणलेले कापड दिसते. बाँडेड लेदर म्हणून जे विकले जाते ते चामड्याचा भुगा गोंदात मिसळून कापडावर थापलेले असते. नवे असताना ते झकास दिसते, पण काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि मग त्यावर उपाय नसतो. पुष्कळ सोफ्यांत बसायच्या जागी चामडे आणि बाजूंना व पाठीमागे रेक्झिन असते. त्यात फसवणूक नाही, मात्र किंमत देताना ते ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट, चामड्याचा प्रकार घराप्रमाणे निवडावा. नुसत्या रंगात मुरवलेले, वर लेप नसलेले चामडे हाताला सर्वांत मऊ लागते, पण पाणी, तेल, घाम सारे पिऊन घेते. वर रंगाचा लेप दिलेले चामडे थोडे कडक, पण सोशिक असते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडे पहिल्या जातीचे, वर तरंगत राहिला तर दुसऱ्या. लहान मुले आणि तेल लावलेली डोकी असलेल्या घरात दुसरी जात सुखाची.

तिसरी गोष्ट सांभाळण्याची. आठवड्याला कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, कारण धुळीचे कण घासकागदासारखे काम करतात. मधूनमधून पिळून काढलेल्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. चहा सांडला तर टिपून घ्यावा, घासू नये. खोबरेल तेल, स्पिरिट, लाकडाचे पॉलिश, कपड्यांचा साबण यांना दूर ठेवावे. तेलाने चकाकी येते, पण डाग पडतो आणि धूळ चिकटते. खिडकीतल्या थेट उन्हाने रंग उडतो आणि चामडे सुकून तडकते. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. भिंतीला चिकटलेल्या सोफ्यावर आषाढ-श्रावणात बुरशी धरते. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, वारा खेळता ठेवावा, बुरशी दिसताच कोरड्या फडक्याने पुसून ते फडके घराबाहेर झटकावे. आणि प्लास्टिकचे आच्छादन तर मुळीच नको. त्याखाली ओल कोंडते आणि ज्याच्यापासून वाचवायचे तेच ओढवते.

चौथी गोष्ट, जे झिजते ते बदलता यावे. ईम्स यांच्या खुर्चीतही दोष आहे. रबराचे तुकडे काही दशकांनी कडक होतात, चिकटवलेला जोड सुटतो आणि पाठ निखळू शकते. जाणकार मालक ते वेळोवेळी तपासून घेतात. पण उशी बदलता येते, रबर बदलता येते. म्हणून १९५०च्या दशकातल्या खुर्च्या आजही नातवंडांच्या बैठकीत दिसतात. सोफा घेताना उशा सुट्या आहेत का, त्यांची जागा आपापसांत बदलता येते का, हे पाहिले तर झीज एकाच जागी होत नाही.

तांब्या आणि खुर्ची

ईम्स दांपत्याचे आपल्याशी नाते आहे ते खुर्चीमुळे नव्हे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने ते इथे आले, देशभर फिरले आणि एप्रिल १९५८मध्ये त्यांनी 'द इंडिया रिपोर्ट' सादर केला. या देशात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो लोटा, आपल्या भाषेत तांब्या. एवढे पाणी का, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, धार कशी पडते, आतून घासता येतो का, हाताला कसा लागतो, मोडीत काय किंमत येते, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याबद्दल मांडले. कोणा एका माणसाने हा आकार काढला नव्हता. पिढ्यानपिढ्यांच्या वापराने तो घडला होता. याच अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. गौतम आणि गिरा साराभाई यांनी ती वाढवली. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरचे प्रदर्शन ईम्स यांनी या संस्थेबरोबर १९६५ साली उभे केले.

इथे एक रुखरुख उरते. जास्तीत जास्त लोकांना, कमीत कमी पैशात, उत्तम वस्तू मिळावी हे चार्ल्स यांचे स्वप्न होते. फायबरग्लासच्या खुर्च्यांमध्ये ते बऱ्याच अंशी साधले. चामड्याच्या खुर्चीत मात्र साधले नाही. ती पहिल्यापासून महाग होती आणि पुढे मोठ्या साहेबांच्या केबिनची खूण बनली. दमलेल्या माणसाला कुशीत घ्यायला केलेली वस्तू आता अनेक ठिकाणी आल्यागेल्याला दाखवण्यासाठी मांडलेली असते. तिच्या नकला जगभर विकल्या जातात, आणि त्यांत बहुधा नक्कल होते ती रूपाची. उघडून दुरुस्त करण्याची सोय वगळली जाते. तांब्या गरिबाच्या घरातही होता. ही खुर्ची तिथे पोहोचली नाही.

२१ ऑगस्ट १९७८ रोजी चार्ल्स ईम्स यांचे जन्मगावी, सेंट लुईस इथेच हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या टेबलावर एका सोफ्याचे काम अर्धवट राहिले होते. रे यांनी ते पुढे नेले आणि १९८४ साली चामड्याच्या उशांचा तो सोफा बाजारात आला. दोघांच्या हातून झालेले ते शेवटचे फर्निचर. रे यांचे निधन १९८८ साली झाले, तारीख होती २१ ऑगस्ट, पतीच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती.

पुढच्या रविवारी कोणी पाहुणे येणार असतील तर सोफ्यावरची चादर काढून ठेवायला हरकत नाही. आणि कोणीच येणार नसेल तर आधी काढावी. घरची माणसेही पाहुण्यांइतकीच दमलेली असतात. चामड्यावर सुरकुत्या पडतील, हात टेकायच्या जागा काळवंडतील, एखादा ओरखडा धाकट्याच्या नावावर जमा होईल. तेवढे होऊ द्यावे.